शोरूमचे ८,३८६ की गॅरेजचे १,७००? पुढच्या ब्रेक पॅडचा हिशोब

प्रश्न असा आहे: गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ४६ हजार किमी झालेली, राहायला मालवण, महिन्यातून एकदोनदा फोंडा घाटाने कोल्हापूर. शोरूमला सर्व्हिसिंगला दिली तर पुढचे ब्रेक पॅड संपलेत म्हणाले आणि ८,३८६ रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. कुडाळातला एक गॅरेजवाला म्हणतो पॅडसकट १,७०० मध्ये करून देतो. एवढा फरक कसा काय, आणि करायचं कोणाकडे?

मी २४ वर्षं हेच करतोय, त्यातली पहिली चार कोल्हापूरला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आणि बाकी सगळी इथे कुडाळजवळ स्वतःच्या गॅरेजात, म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे कोणाची बाजू घेऊन बोलत नाही. तुमच्या बाबतीत दोन्ही आकडे मला पटत नाहीत. शोरूमवाल्याने दोन कामं उगाच घुसवलीत आणि गॅरेजवाल्याने दोन गरजेची कामं गाळलीत. तुमचं काम ३,७०० च्या आसपास व्यवस्थित होतं, कसं ते सांगतो.

आधी शोरूमचा कागद बघू. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पुढच्या पॅडचा सेट १,९५०, पॅड बदलायची मजुरी ८५०, चारी चाकांचं ब्रेक क्लीनिंग १,१००, दोन्ही डिस्क (पॅड ज्यांना दाबून चाक थांबवतात त्या तबकड्या) घासून सपाट करायचे १,४००, ब्रेक ऑइल ३००, ते बदलायची मजुरी ६५०, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००. आता यात माल किती? पॅड आणि ऑइल मिळून २,२५०. बाकी ५,२०० नुसती मजुरी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९३६ वर. पॅडची किंमत एमआरपी असते, टॅक्स त्यातच आला (सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सगळ्याच पार्टवर १८ टक्के झालाय, आधी बहुतेक पार्टवर २८ होता), पण मजुरीवर तो वेगळा चढतो. आमच्यासारख्या वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या गॅरेजवाल्याला जीएसटीची नोंदणीच लागत नाही, तेवढा फरक तिथेच पडतो.

म्हणजे लोक जे म्हणतात ना, 'शोरूमला पॅड महाग असतात', ते तसं नसतं. तोच पॅड, तोच डबा, तीच एमआरपी. महाग असतं ते बाकीचं. आणि ही गोष्ट फार थोड्या गिऱ्हाइकांना माहीत असते की शोरूमच्या पार्ट काउंटरवरून तुम्ही ओरिजिनल पॅड नुसते विकत घेऊ शकता, गाडी आत न देता. आरसीचा फोटो किंवा चेसिस नंबर दाखवायचा, पैसे द्यायचे, पक्कं बिल घ्यायचं आणि डबा घेऊन बाहेर पडायचं. मी माझ्या गिऱ्हाइकांना तेच सांगतो, तुम्ही आणा, मी फक्त बसवायचे घेतो. मला त्यात मालावरचं कमिशन मिळत नाही हे खरंय पण उद्या पॅड वाजले तर 'ह्याने डुप्लिकेट घातले' हे ऐकायला लागत नाही, ते जास्त बरं.

आता त्या कागदावरची कामं. अलाइनमेंटची ओळ सरळ काटून टाका. पॅड बदलताना स्टिअरिंगच्या कुठल्याच सांध्याला हात लागत नाही, चाक काढायचं, कॅलिपर (पॅड धरणारा चिमटा) उघडायचा, परत बसवायचं, त्याने अलाइनमेंट हलत नाही. टायर एका बाजूने झिजत असतील किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर करा, पण ते वेगळं काम झालं. डिस्क घासायचे १,४०० पण काटून टाका. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं का? साठ-सत्तरच्या स्पीडला ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं का? तसं काही होत नाही असं तुम्ही लिहिलंय. मग डिस्क सरळ आहे. तिच्या कडेला बोटाला लागेल अशी थोडी धार आली असेल, ४६ हजारला ती येतेच, त्यासाठी संपूर्ण डिस्क घासायची म्हणजे जाडी विनाकारण कमी करायची. प्रत्येक डिस्कवर कंपनीने कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, मेकॅनिकला व्हर्नियर लावून तो तपासायला सांगा, त्याच्या खाली गेली असेल तर घासायची नसते, बदलायचीच असते.

पण ब्रेक ऑइलचं शोरूमवाला बरोबर बोलतोय. २०१९ ची गाडी आणि एकदाही बदललं नाही म्हणता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याशिवाय दुसरं आहे काय जून ते ऑक्टोबर? डॉट ४ या ग्रेडचं नवीन ब्रेक ऑइल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. मालवण बाजारात फिरताना तुम्हाला ते कधीच कळणार नाही. कळणार ते फोंड्याचा घाट उतरताना, वळणावळणावर ब्रेक दाबून डिस्क तापल्यावर, जेव्हा ऑइलमध्ये वाफ धरेल आणि पेडल स्पंजासारखं खाली जाईल. दोन वर्षांनी बदलायचं, किमी कितीही असो. (आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा हो, ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे अजून भेटतात मला.)

मागच्या ब्रेकचं क्लीनिंगही बरोबरच आहे, फक्त १,१०० जास्त वाटतात. तुमच्या गाडीला मागे ड्रम आहेत. ड्रममध्ये शूचा (आतून दाबून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांचा) भुगा साठतो, त्यात आपली तांबडी माती आणि पावसाचं पाणी गेलं की त्याचा लगदा होऊन सुकतो, आतला अ‍ॅडजस्टर गंजून जाम होतो आणि मग मागचे ब्रेक जेमतेम लागतात, सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. पुढचे पॅड लवकर का संपले याचं उत्तर बऱ्याच वेळा मागच्या ड्रममध्ये सापडतं. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की ड्रम उघडून साफ करून घ्या, गॅरेजला याचे पाचेकशे होतील.

आता त्या १,७०० वाल्याकडे वळू, कारण खरी गोम तिथे आहे. ओरिजिनल पॅड १,९५० चा असताना तो पॅडसकट १,७०० म्हणतो, म्हणजे पॅड दुसऱ्या कंपनीचा आहे. त्यात वाईट काहीच नाही. टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश, ब्रेम्बो हे चांगले पॅड आहेत, यातले काही तर गाड्यांच्या कंपन्यांनाच माल देतात, मी स्वतः माझ्या गाडीला ओरिजिनल घालत नाही. प्रश्न एवढाच की तो यातला घालणार की कोल्हापूरहून डझनाच्या भावाने आणलेला बिननावाचा? त्याला कंपनी विचारा. 'कंपनीचाच आहे साहेब' असं उत्तर आलं तर कुठल्या कंपनीचा ते परत विचारा. डबा सीलबंद, वर एमआरपीचं लेबल आणि पार्ट नंबर, पॅडच्या पाठीमागच्या पत्र्यावर कोरलेला नंबर, पत्र्याच्या मागे पातळ शिम (आवाज दाबणारी पट्टी), आणि एका कडेला तो छोटा वाकडा पत्रा जो पॅड संपत आला की डिस्कला घासून किंचाळतो, एवढं असलं तर ठीक. बिननावाच्या पॅडमध्ये तो वाजणारा पत्रा बऱ्याच वेळा नसतोच. आणि मसाला (पॅडचा घासणारा थर) इतका कडक असतो की पॅड झिजत नाही, डिस्क झिजते. पाचशे वाचवायला जायचं आणि वर्षभराने दोन डिस्कचे चारेक हजार घालायचे.

पण पॅडपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पिना. कॅलिपरच्या पिना. सगळं लिहिणं त्याच्यासाठीच चाललंय म्हणा.

तुमच्या गाडीच्या कॅलिपरला पिस्टन एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून घेतो. त्या पिना बोटाने ढकलल्या तर सरकल्या पाहिजेत, लोण्यात सुरी फिरते तशा. त्यांच्यावर रबराचे छोटे बूट असतात. किनाऱ्यावर खारी हवा, पाऊस, चिखल, बुटाला एक भेग पडली की आत पाणी शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि पिन गंजून बसते. मग बाहेरचा पॅड नुसता नावाला, सगळं काम आतला एकटा करतो, आणि ब्रेक सोडला तरी तो पूर्ण सुटत नाही. घासत राहतो, तापत राहतो, पेट्रोल पण जास्त जातं.

दोन वर्षांपूर्वी सावंतवाडीचा एक गिऱ्हाईक आला. आंबोली उतरून दाणोलीला थांबला तर पुढच्या उजव्या चाकातून जळका वास आणि धूर. माझ्याकडे आल्यावर वैतागून म्हणतो, "अरे आठ म्हयने झाले नाय नवीन पॅड घालून, परत वाजता कसा?" बिल दाखवलं, शोरूमचं होतं, कुठलं ते जाऊदे, त्यात 'कॅलिपर सर्व्हिस' म्हणून साडेनऊशे लावलेले. चाक काढलं. बाहेरचा पॅड जवळजवळ नवीन, आठ-नऊ मिलीमीटर मसाला शिल्लक, आणि आतल्याचा मसाला संपून नुसता पत्रा डिस्कवर, डिस्कला ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चरा. खालची पिन हाताने हलेना, पान्यात धरून पिळवटून काढावी लागली, तपकिरी गंजाचा थर आणि ग्रीसचा टिपूसही नाही. आठ महिन्यांत ग्रीस असं नाहीसं होत नाही. पिना कोणी काढल्याच नव्हत्या, पॅड तेवढे बदलून बिलावर ओळ छापलेली. ते काम बाहेरच्या गॅरेजात झालं असतं तरी हेच झालं असतं, फक्त साडेनऊशे कमी गेले असते.

आणि मी काय धुतल्या तांदळासारखा नाही. गॅरेज नवीन होतं तेव्हा मी पिनांना साधं पिवळं ग्रीस लावायचो, बेअरिंगला लावतात ते, कारण डबा समोर होता. एका गिऱ्हाइकाची गाडी दोन महिन्यांत परत आली, ब्रेक सुटत नाहीत म्हणून. उघडलं तर रबराचे बूट फुगून दुप्पट झालेले आणि पिना त्यात अडकून बसलेल्या. पेट्रोलियमवालं ग्रीस ब्रेकच्या रबराला चालत नाही, सिलिकॉनचं लागतं, त्याची छोटी ट्यूब मिळते, एका ट्यूबमध्ये कितीतरी गाड्या होतात. बूट, पिना, पॅड सगळं माझ्या पैशाने बदलून दिलं. तेव्हापासून तो पिवळा डबा मी ब्रेकच्या कामाच्या वेळी नजरेआड ठेवतो.

तर पॅड बदलायला एका चाकाला वीस मिनिटं लागतात. पिना काढून पॉलिश पेपरने घासून, बूट तपासून, योग्य ग्रीस लावून, पॅड ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढून बसवायला अजून अर्धा तास. १,७०० वाला ते वीस मिनिटांचं काम करणार असेल तर ते आपल्या किनाऱ्यावर महागच आहे. पुण्याच्या कोरड्या हवेत एखाद वेळी खपून जाईल. मी दोन्ही चाकांचे पिनांसकट ६०० घेतो, आजूबाजूला ५०० ते ८०० चालू आहे.

मग हिशोब असा झाला, काउंटरवरून ओरिजिनल पॅड १,९५०, मजुरी पिनांसकट ६००, ब्रेक ऑइल ३००, ते बदलायचे ३५०, मागचे ड्रम ५००. ३,७००. चांगल्या दुसऱ्या कंपनीचे पॅड घेतलेत तर आणखी तीन-चारशे कमी. हे आकडे छोट्या पेट्रोल गाडीचे आहेत, एसयूव्हीवाल्यांनी हेच धरून गॅरेजवाल्याशी भांडायला जाऊ नये.

शोरूमलाच जावं अशाही वेळा आहेत. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड बदलायचे असतील तर आधी स्कॅनर लावून मोटर मागे घ्यावी लागते, ज्याच्याकडे स्कॅनर नाही तो पिस्टन जोराने दाबायला जाईल आणि मोटरच मोडेल, मग पॅडचे पैसे चणे-फुटाणे वाटतील. एबीएसचा दिवा लागत असेल आणि गाडी वॉरंटीत असेल तर नक्की शोरूम. आणि जवळपास भरवशाचा माणूसच नसेल तरी शोरूम, निदान पक्कं बिल असतं, भांडायला कागद असतो. फक्त अलाइनमेंटसारख्या ओळी जॉब कार्डावर सही करायच्या आधी काटून घ्या, नंतर नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला टार्गेट असतं, त्या पोराचा राग धरू नका, मी ते टार्गेट बघितलंय.

वॉरंटीवरून घाबरवतात ते वेगळंच. ब्रेक पॅड झिजणारा पार्ट, तो वॉरंटीत मुळात धरतच नाहीत. आणि बाहेर काम केलं एवढ्यावरून अख्ख्या गाडीची वॉरंटी रद्द करता येणार नाही असं भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ च्या आदेशात म्हटलंय, त्यात १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींवर दंड लावला होता, सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. कंपन्या नंतर कोर्टात गेल्या तो भाग निराळा. बाहेर बसवलेल्या पार्टमुळेच काही बिघडलं तर मात्र ती जबाबदारी तुमची, म्हणून बिल जपून ठेवा.

घाई किती आहे ते पण बघा. 'संपलेत' म्हणजे किती? नवीन पॅडवर दहा-बारा मिलीमीटर मसाला असतो, ३ राहिला की बदलायचा. चार-पाच शिल्लक असताना संपले सांगणारेही आहेत. मोबाइलचा टॉर्च चाकाच्या आऱ्यांमधून मारला की बाहेरचा पॅड दिसतो, पण तेवढ्यावर जाऊ नका, वर सांगितलंच की आतला आधी मरतो. चाक काढूनच दोन्ही बघायला हवेत. दुसरी खूण म्हणजे बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी. पॅड झिजतात तशी ती हळूहळू खाली येते, गळती नसली तरी. ती कमी दिसली म्हणून वरून भरू नका आणि कोणाला भरू देऊ नका, कारण नवीन पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल वर येऊन सांडतं आणि ब्रेक ऑइल पडलं तिथला रंग गेला म्हणून समजा.

सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर आली तर ते पॅड नव्हेत. रात्रभरात डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो, देवबाग-तारकर्लीकडच्या गाड्यांना तर रोजच, तो घासून गेला की आवाज बंद. दिवसभर येत राहिला तर या. आणि पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली चिरा लावा. तो काढायला विसरू नका म्हणजे झालं.

काम करून घेताना शक्यतो समोर उभे राहा, शोरूमला ते जमणार नाही, तिथे जुने पॅड परत मागा, ते तुमचेच असतात. चारही पॅड हातात घेऊन बघा, आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेत का. फार फरक असेल तर पिना जाम होत्या, आणि त्या साफ केल्या का हे तिथल्या तिथे विचारा. गॅरेजात सरळ सांगा, पिना काढून दाखव. चांगला मेकॅनिक रागावणार नाही, उलट त्याला बरं वाटेल की गिऱ्हाइकाला कळतं. तारीख मात्र गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात धरू नका, चाकरमान्यांच्या गाड्यांनी आमची अंगणं भरलेली असतात आणि त्या गडबडीत पिनांना कोण हात लावतो कोणाला माहीत.

नवीन पॅड घातल्यावर गाडी हलवायच्या आधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून कडक झालंय ना बघा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल तळाला जातं आणि ब्रेक लागतच नाही. माझ्याकडच्या एका पोराने हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली होती, मागे फणस होता म्हणून वाचलो, त्याच्या मागे विहीर आहे. मग मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठवरून दहापर्यंत असे आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक मारा, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं थंड होऊ द्या. पहिले दोन-तीनशे किमी घाट टाळता आला तर टाळा, म्हणजे कोल्हापूरला जायच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आणि शंभरेक किमी झाले की चाकांचे नट एकदा पान्याने तपासून घ्या, त्याचे कोणी पैसे घेत नाही.